सोलापुरातील डॉ. कोटणीस स्मारक : भेटीपूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात येणारा पाहुणा बहुधा सिद्धेश्वराचे दर्शन घेतो, दोन-चार चादरी घेतो आणि पंढरपूर, तुळजापूर किंवा अक्कलकोटच्या वाटेला लागतो. ज्यांच्या हाती एक सकाळ मोकळी असते, त्यांना आम्ही सोलापूरकर डॉ. कोटणीसांचे घर पाहायला सुचवतो. त्यावर पाहुण्यांकडून आणि शाळांच्या शिक्षकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही उत्तरे एका स्थानिक रहिवाशाची आहेत, स्मारकाच्या व्यवस्थापनाची नव्हेत.

हे स्मारक नेमके कशाचे आहे?

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करण्यासाठी ते १९३८ साली गेले आणि १९४२ साली तेथेच मरण पावले. त्यांचे जन्मघर सोलापूर महानगरपालिकेच्या पुढाकाराने जतन करून तेथे त्यांचे स्मारक उभारण्यात आले आणि १ जानेवारी २०१२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. मोठ्या शहरांतील संग्रहालयांची दालने मनात धरून येणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे, की हे एका माणसाचे, एका घरापुरते संग्रहालय आहे.

तेथे कसे पोहोचावे?

स्मारक भय्या चौक परिसरात आहे आणि रेल्वे स्थानकापासून ते फारसे लांब नाही. रिक्षावाल्याला नुसते ‘कोटणीस स्मारक’ सांगून भागले नाही, तर ‘भय्या चौक’ म्हणावे आणि चौकात उतरून कोणालाही विचारावे.

उघडण्याच्या वेळा आणि प्रवेशाचे नियम काय आहेत?

वेळा, सुट्टीचे दिवस आणि छायाचित्रणाची परवानगी या गोष्टी व्यवस्थापन ठरवते व त्या बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी महानगरपालिकेकडे चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांचा गट आणायचा असेल, तर अशी चौकशी अनिवार्यच समजावी.

किती वेळ हाताशी असावा?

फलकांवरून नजर फिरवत जाणाऱ्याला अर्धा तासही खूप होतो. कोटणीसांची हकिकत थोडीफार वाचून आलेल्याला मात्र दीड तास अपुरा वाटतो, आणि लहान संग्रहालयांच्या बाबतीत हा फरक नेहमीच मोठा असतो.

मग येण्यापूर्वी काय माहीत असावे?

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष हल्ला चढवला. चिनी सैन्याकडे शल्यविशारद आणि औषधे दोन्ही तुटपुंजी होती. चिनी साम्यवाद्यांच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली आणि १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशभर आवाहन करून निधी व स्वयंसेवक गोळा केले. देश स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्या देशाच्या लढ्यासाठी डॉक्टर पाठवायचे, हा विचार त्या काळी किती धाडसाचा होता, हे आज आपल्या पटकन लक्षात येत नाही.

पाच डॉक्टर निवडले गेले : पथकाचे प्रमुख मदनमोहनलाल अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आपले कोटणीस, वय २७. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने त्यांनी मुंबई सोडली. त्याच महिन्यात ते कँटनला उतरले, तेथून हांकौ या युद्धग्रस्त शहरात काम करून चुंगकिंगला आले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान येथे, साम्यवादी फौजांच्या मुख्य ठाण्यावर पोहोचले. येनानला पोहोचण्यापूर्वीच वडिलांच्या निधनाची बातमी त्यांना कळली होती. परतण्याची मुभा असूनही ते परतले नाहीत.

पुढची वर्षे उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, आघाडीच्या मागे मागे सरकणाऱ्या रुग्णालयांत गेली. १९४० सालच्या मोठ्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याचे आणि एकूण ८०० हून अधिक जखमींवर उपचार केल्याचे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले गेले. त्यातील ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा मृत्यू झाला. वय ३२. पथकातील बाकीचे चौघे आगेमागे मायदेशी परतले.

एवढे मनात असले, की भिंतीवरचा प्रत्येक फोटो बोलू लागतो.

बेथून कोण? त्यांचे नाव सतत का येते?

नॉर्मन बेथून हे कॅनडाचे शल्यविशारद होते. उत्तर चीनमध्ये युद्धभूमीजवळच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत त्यांनी रुजवली. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पुढे ज्या रुग्णालयाची धुरा कोटणीसांकडे आली, त्याला बेथून यांचेच नाव दिलेले होते. हेबेई प्रांतातील थांग परगण्यात या दोघांचे एकत्र स्मारक आहे. आपल्याकडे बेथूनविना कोटणीस सांगितले जातात आणि त्यामुळे गोष्ट अर्धी राहते. सोलापूरचा तरुण डॉक्टर तेथे एकटा नव्हता. जगाच्या निरनिराळ्या टोकांहून आलेल्या वैद्यांच्या रांगेत तो उभा होता.

घरात मूळ वस्तू किती आहेत? पाहण्यासारखे काय आहे?

हा प्रश्न जरा नाराजीच्या सुरात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

ज्या चार-सव्वाचार वर्षांमुळे कोटणीस इतिहासात आले, ती सगळी चीनमध्ये गेली. त्यांची समाधी शिजियाझुआंग येथील हुतात्मा उद्यानात आहे, पुतळाही तेथे आहे. त्यांच्या हातांनी वाचलेली माणसे, त्यांनी शिकवलेले विद्यार्थी आणि त्यांचे संसाराचे दिवस हे सारे तिकडचे. सोलापूरकडे उरते ते आरंभाचे ठिकाण, म्हणजे हे घर. म्हणून येथे वस्तू मोजत बसू नये. फलक आणि छायाचित्रे पाहावीतच, पण त्याआधी उंबऱ्यात क्षणभर उभे राहून त्या घराची बांधणी पाहावी. मध्यमवर्गीय कुटुंबातील, भावाबहिणींच्या गोतावळ्यात वाढलेला मुलगा येथून शिकायला मुंबईला गेला. जन्मघर जपण्यामागचा अर्थ मला तरी एवढाच दिसतो, की थोर माणसाच्या आरंभाचे साधेपण डोळ्यांना दिसावे. संगमरवर लावून चकचकीत केलेल्या जन्मस्थानांत नेमके हेच हरवते.

छायाचित्रे पाहताना आमची एक जुनी युक्ती सांगतो. प्रत्येक फोटोत आधी चेहरा न पाहता कपडे पाहावेत. मुंबईहून निघतानाचे पाच डॉक्टर नीटनेटक्या शहरी पोशाखात आहेत आणि नंतरच्या काळातील कोटणीस कापूस भरलेल्या जाड सैनिकी कपड्यांत, तेथल्याच लोकांसारखे दिसतात. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाने उत्तर चीनच्या थंडीत चार हिवाळे कसे काढले असतील, हे कोणत्याही फलकापेक्षा तो अंगरखाच अधिक सांगतो. त्यानंतर फोटोत आणखी कोण आहे, ते पाहावे आणि ओळख पटत नसेल तर तेथील कर्मचाऱ्याला विचारावे.

एक उणीव मात्र मनात राहते आणि ती बोलून दाखवायला हरकत नाही. कोटणीस लहान असताना सोलापूर कसे होते, हे अशा चरित्रात्मक प्रदर्शनांत क्वचितच सांगितले जाते. १८७७ साली सुरू झालेली आणि आजही ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखली जाणारी कापडगिरणी, तिच्यामागून आलेल्या नरसिंगगिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या, पहाटेचा भोंगा, घराघरांतून चालणारे हातमाग, मागावर पळणारा धोटा आणि दारात कांड्या भरणाऱ्या बायका हे त्या मुलाच्या भोवतालचे शहर होते. ते भेट देणाऱ्याने स्वतः डोळ्यांसमोर आणायचे असते.

चीनमध्ये त्यांना एवढा मान, मग आपल्याकडे नाव मागे का पडले?

चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. चीनचे नेते भारतात आले, की कोटणीसांच्या कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत, अशी जवळपास प्रथाच पडली होती. पथकातील पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ हा शब्द जोडला होता आणि कोटणीस तेथे ‘के दिहुआ’ म्हणून ओळखले जातात. त्यामुळे चिनी पाहुण्याशी बोलताना ‘कोटणीस’ या उच्चाराने ओळख पटेलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

आपल्याकडे त्यांचे नाव मागे पडले, याला १९६२ चे युद्ध बऱ्याच अंशी कारणीभूत आहे, असे मला वाटते. ज्या देशाशी संबंध कडवट झाले, त्या देशासाठी मेलेल्या आपल्या माणसाची आठवण कशी काढावी, हा संकोच पुढच्या काही पिढ्यांत उतरला. वास्तविक कोटणीस गेले ते एका आक्रमणाविरुद्ध झुंजणाऱ्या माणसांसाठी. पुढची राजकारणे त्यांनी पाहिलीच नाहीत.

ते कम्युनिस्ट होते का?

भारतातून निघाले तेव्हा ते काँग्रेसने पाठवलेल्या पथकाचे सदस्य होते. चीनमधील वास्तव्यात त्यांचे विचार बदलत गेले आणि १९४२ साली त्यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले. ही गोष्ट लपवण्याचेही कारण नाही आणि तिच्यावरून त्यांच्या शस्त्रक्रियांचे मोल कमीजास्त करण्याचेही नाही.

चित्रपट पाहून यावे का?

व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेला आणि ज्यात कोटणीसांची भूमिकाही त्यांनीच केली, तो ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा हिंदी चित्रपट जरूर पाहावा, परंतु स्मारक पाहून झाल्यावर. आधी पाहिला, तर शांतारामांचा चेहरा डोळ्यांसमोरून हटत नाही आणि खऱ्या माणसाचा फोटो पाहताना ‘हे कोण?’ असे वाटते. हा गोंधळ मी वयस्क पाहुण्यांच्या बाबतीत अनेकदा पाहिला आहे.

मुलांना आणावे का?

दहा वर्षांपुढच्या मुलांना अवश्य आणावे. त्याहून लहान मुले पहिल्या दहा मिनिटांत कंटाळतात आणि त्यांचा त्यात काही दोष नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना आहे. मुलांना फलकांवरील मजकूर वहीत उतरवायला लावू नये. त्याऐवजी येण्यापूर्वी वर्गात आशियाचा नकाशा टांगून सोलापूर, मुंबई, कँटन, हांकौ, चुंगकिंग, येनान आणि हेबेई अशी रेघ ओढून घ्यावी आणि प्रत्येक ठिकाणी ते कोणत्या साली होते, ते मुलांनाच लिहू द्यावे. विमानाची सोय नसताना, बोटीने, मालमोटारीने आणि पायी झालेला हा प्रवास नकाशावर पाहिल्यावर मुले स्मारकात स्वतःहून प्रश्न विचारतात. एका चौकस मुलीने मला विचारले होते, की चिनी भाषा येत नसताना डॉक्टरांना रोग्याचे दुखणे कसे कळत असेल. उत्तर असे, की कोटणीस चिनी बोलायला आणि वाचायला शिकले आणि पुढे त्याच भाषेत शिकवूही लागले. सोलापूरच्या मुलांना हे समजावणे सोपे जाते, कारण मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार बोली एकाच गल्लीत ऐकत ती लहानाची मोठी होतात.

कोणत्या दिवसांत यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळीच उरकून घ्यावे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक पाहायची असेल तर त्याच वेळी यावे, पण मग शहरातील रस्ते बंद असणार, रिक्षा मिळणार नाहीत आणि लॉजमध्ये खोल्या नसणार, हे गृहीत धरावे. १० ऑक्टोबर आणि ९ डिसेंबर या जयंती-पुण्यतिथीच्या दिवशी वातावरण वेगळे असते, परंतु निवांतपणे पाहणे होत नाही. जाता जाता एक योगायोग सांगतो. १० ऑक्टोबर हीच १९११ च्या वूचांग उठावाचीही तारीख आहे, ज्यातून चीनमधील राजेशाही संपली. त्या दिवशी सोलापुरातले हे बाळ बरोबर एक वर्षाचे होते, आणि वूचांगच्या समोर नदीपलीकडच्या हांकौमध्ये पुढे १९३८ साली त्याने काम केले.

त्याच दिवशी शहरात आणखी काय पाहता येईल?

कोटणीसांच्या काळाशी धागा जोडायचा असेल, तर चार हुतात्म्यांचे पुतळे पाहावेत. महात्मा गांधींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापुरात उसळलेल्या आंदोलनात ८ मे रोजी गोळीबार झाला आणि नंतरचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल जवळजवळ उरला नव्हता. तो परत बसवण्यासाठी सरकारने लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कोटणीस त्या वेळी विशीत होते. ज्यांच्या गावाने हे पाहिले, त्या पिढीतला एक तरुण सात-आठ वर्षांनी परक्या देशातील युद्धावर निघाला, ही संगती मला महत्त्वाची वाटते. स्मारक आणि पुतळे एकाच दिवशी पाहावेत असा आग्रह मी धरतो, तो यासाठीच.

वेळ उरल्यास सिद्धेश्वर तलावाशेजारचा भुईकोट किल्ला पाहावा. बहमनी काळातील या किल्ल्यावरून निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात पिढ्यानपिढ्या भांडण चालले होते आणि चांदबिबीच्या विवाहात तो आंदण म्हणून दिला गेला होता.

हत्तरसंग कुडल त्याच दिवशी होईल का?

होईल, पण करू नये. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावरील या ठिकाणी शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ मधील मराठी शिलालेख आहे आणि लहान लहान मुखे कोरलेले बहुमुखी शिवलिंग आहे. मराठी वाचणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी तेथे जावे. घाईघाईत उरकण्यापेक्षा त्याला वेगळी सकाळ द्यावी.

आमच्या घरी जुने कागद आणि वस्तू आहेत. त्या एखाद्या संग्रहालयाला द्याव्यात का?

सोलापुरात हा प्रश्न फार येतो, कारण येथे घरोघरी गिरणीचे पगारपत्रक, आजोबांचे कामगार ओळखपत्र, जुना धोटा किंवा फणी, नाहीतर १९३० च्या चळवळीतील एखादा कागद सापडतो. देण्याचा निर्णय नंतर घ्यावा, आधी जे आहे ते बिघडू देऊ नये. कागदाचे लॅमिनेशन करू नये. प्लास्टिक तापवून चिकटवले, की ते पुन्हा काढता येत नाही आणि आतील कागद कायमचा अडकतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून शाईत उतरतो. टाचण्या आणि स्टेपल काढून ठेवाव्यात, त्यांचा गंज कागद खातो. पत्रे घड्या उलगडून सपाट ठेवावीत आणि लोखंडी ट्रंकेऐवजी कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवावीत.

सगळ्यांत मोठे काम मात्र माणसांच्या हयातीतच करायचे असते. फोटोत कोण कोण आहे, तो कोठे काढला आणि वस्तू कोणाची होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून फोटोच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहावे. बॉलपेन वापरू नये, त्याचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो. नाव नसलेला फोटो घेऊन कोणत्याही संग्रहालयात गेले, तरी तेथील माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, की हे कोण आहेत. पुढे वस्तू दिलीच, तर ती कायमची देणगी आहे की ठरावीक मुदतीसाठी दिली आहे, हे लिहून त्याची सही-शिक्क्याची पोच घ्यावी आणि देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.